किल्ल्यावरील झाडे : घडण आणि जपणूक

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आठ-दहा दिवस शाळेच्या आवारात दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती आणि चिखल जमू लागतो व पाहता पाहता किल्ला उभा राहतो. तटाला बुरूज येतात, बुरुजांना पायऱ्या येतात, उतारांवर आळीव व मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते आणि कुंभाराकडचे मावळे आपापल्या चौकीवर उभे राहतात. झाडांची आठवण मात्र सर्वांत शेवटी होते. कोणीतरी धावत जाऊन कुंपणाच्या चार ओल्या डहाळ्या मोडून आणतो आणि त्या मातीत खोवल्या जातात. दुसऱ्या दिवशी त्यांची पाने लोंबू लागतात व भाऊबीजेपर्यंत सगळा गड ऐन दुष्काळात सापडल्यासारखा दिसू लागतो. अलीकडे काही ठिकाणी बाजारातून प्लॅस्टिकची झाडे आणून ही अडचण दूर केली जाते. परंतु ती सर्व एकाच साच्यातील असतात आणि त्यांपैकी निम्मी तर आपल्या मुलांनी कधीही न पाहिलेल्या बर्फाळ मुलखातील सूचिपर्णी वृक्षांची असतात.

गुंजवण्यासारख्या गावी ही गोष्ट विशेष खटकते. वेल्हे तालुक्यातील (२०२४ साली या तालुक्यास राजगड असे नाव देण्याचा निर्णय झाला) हे गाव राजगडाच्या पायथ्याशी वसलेले आहे. गावातून निघालेली वाट रान ओलांडून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत राजगड आहे. ज्या मुलांच्या घराच्या ओसरीवरून खरा गड दिसतो, त्यांच्या किल्ल्यावर प्लॅस्टिकचे विलायती झाड असावे, याचा दोष मुलांकडे नाही. आपण शिक्षकांनी त्यांना दुसरे काही दाखविलेले नसते. ही झाडे कार्यानुभवाच्या तासांत कशी करावी, ती कोठे मांडावी आणि एकदा केलेली झाडे पुढील अनेक वर्षे कशी जपावी, याविषयी अनुभवास आलेल्या काही गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत. मोठ्या शाळेप्रमाणेच द्विशिक्षकी शाळेलाही हे काम झेपणारे आहे.

कोणते झाड, कोठे

हात मातीत घालण्यापूर्वी एक तास बाहेर काढावा. वहीत झाडांची नावे लिहून घेण्यापेक्षा झाडाची बाह्याकृती रेखाटून घेतलेली बरी. आंब्याचा घेर छत्रीसारखा गोल व दाट असतो. उंबराचे खोड जाड असून त्याच्या फांद्या खालूनच फुटतात. बांबूचे बेट एका ठिकाणाहून कारंज्यासारखे उसळते. करवंदीची जाळी जमिनीलगत पसरते आणि कारवी उतारावर रांगेने, एकसारख्या उंचीची उभी असते. जांभूळ, हिरडा, ऐन यांचे आकार मुले एकमेकांस हातवारे करून सांगू शकतात, आणि तसे त्यांनी सांगावेच. बोटांना आकार समजला की तारेला तो देणे सोपे जाते.

खोडाच्या रंगाचीही हीच गोष्ट. मुलांच्या हाती रंग दिला की खोड तपकिरी होते, कारण पुस्तकातील चित्रात ते तसे असते. प्रत्यक्षात आपल्या रानातील बहुतेक खोडे राखी, करडी वा काळपट असतात. हे सांगून पटत नाही. मुलाला आंब्याच्या बुंध्याशी उभे करून त्याच्या हातातील रंग बुंध्याला लावून पाहू द्यावा. एवढ्यानेच काम होते.

किल्ला शिवकालीन दाखवावयाचा असेल, तर झाडे निवडताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. गुलमोहर हा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ, घायपात आणि घाणेरी अमेरिकेकडची. आज ही झाडे सर्वत्र दिसतात म्हणून मुले ती सहज किल्ल्यावर लावतात. आमच्या एका विद्यार्थ्याने बालेकिल्ल्याच्या दाराशी लाल फुलांचा सुरेख गुलमोहर उभा केला होता. तो काढावयास सांगताना मला वाईट वाटले, तथापि महाराजांच्या गडावर तो नसावा हे कारण त्याला लगेच पटले व त्याने तो गावाच्या बाजूस, आजच्या शाळेच्या जागी नेऊन लावला. त्या वर्षी आमच्या किल्ल्यात दोन काळ एकत्र नांदत होते.

जागेविषयी आपल्याकडे एक उत्तम आधार आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांच्या प्रकरणी झाडांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. गडाच्या घेऱ्यातील झाडी प्रयत्नपूर्वक राखावी, तीतील काठीही तोडू देऊ नये, असे त्यांनी सांगितले आहे, कारण ती झाडी हे गडाचे संरक्षण होते. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष आणि लिंबू, नारिंग यांसारखी लहान झाडे लावावी व जपावी, म्हणजे प्रसंगी त्यांचे लाकूड तरी उपयोगी पडेल, असाही त्यांचा सल्ला आहे. हा मजकूर चौथी-पाचवीच्या मुलांना सोप्या भाषेत सांगितला की किल्ल्याची मांडणी आपोआप ठरते. घेऱ्यात, म्हणजे उतारांवर, झाडी दाट. माचीवर तळ्याकाठी व वाड्यांजवळ मोजके मोठे वृक्ष. संजीवनी माचीच्या दुहेरी तटावर आणि बालेकिल्ल्याच्या कातळावर गवताचे ठोंब, फार तर एखादे खुरटे झुडूप. सुवेळा माचीवरील नेढ्यापुढे झाड लावल्यास नेढे दिसेनासे होते, हे मुले स्वतःच सांगतात.

प्रमाणाचा प्रश्न

‘गुरुजी, मावळा झाडापेक्षा मोठा कसा?’ हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच, आणि तो टाळू नये. पाच सेंटिमीटर उंचीचा मातीचा मावळा १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाऐवजी उभा आहे असे धरले, तर आपले प्रमाण एकास तेहतीस होते. या प्रमाणात १५ मीटर उंचीचा आंबा सुमारे ४५ सेंटिमीटरचा करावा लागेल. राजगडाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,३७६ मीटर आहे. पायथ्यापासून त्यातील नुसती ६०० मीटरची चढण हिशेबात घेतली, तरी गड १८ मीटर उंच बांधावा लागेल आणि तो शाळेच्या छपराच्या कितीतरी वर जाईल. उलट, ही ६०० मीटरची चढण आपण ९० सेंटिमीटरमध्ये बसविली, तर तोच आंबा सव्वादोन सेंटिमीटरचा होतो आणि मावळा अडीच मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावे. प्रमाणाचा इतका चांगला धडा पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

यातून मार्ग काढावयाचा तो डोळ्याला फसवून. पायथ्याच्या गावातील, पाहणाऱ्याच्या जवळची झाडे १५ सेंटिमीटरपर्यंत उंच करावी. मधल्या उतारावरची पाच-सहा सेंटिमीटरची आणि माथ्यावरची केवळ बोटाच्या पेराएवढी. रंगही वर जाताना थोडा फिका व निळसर करीत न्यावा, कारण दूरचे रान तसेच दिसते. अशी मांडणी केल्यास तीन फुटांचा ढिगाराही उंच वाटू लागतो.

साहित्य व कृती

खोडासाठी बांधकामावर सळया बांधावयास वापरतात ती मऊ लोखंडी तार उत्तम. ती स्वस्त असते व गावात कोठेतरी घर बांधले जात असतेच, तेथे तिचे तुकडे मिळतात. वीस सेंटिमीटर लांबीचे आठ ते दहा तुकडे एकत्र धरावे. खालची तीन सेंटिमीटर मोकळी ठेवून वरचा पाच सेंटिमीटरचा भाग पकडीने पिळावा. हे झाले खोड. त्यावरील तारांचे तीन गट करून प्रत्येक गट थोडा पिळावा, मग त्यांतून दोन-दोन तारा वेगळ्या काढून पुन्हा पिळाव्या, आणि शेवटची टोके सुटी ठेवावी. मोठी फांदी, तिच्यातून लहान, तिच्यातून डहाळी, हा झाडाचा क्रम येथे हाताने शिकता येतो. तारेची टोके पकडीने आत वळविल्याशिवाय झाड लहान मुलांच्या हाती देऊ नये. खाली मोकळी ठेवलेली टोके मुळांसारखी फाकवावी.

बैठकीसाठी प्रथम आम्ही पुठ्ठा वापरीत असू. तो पावसाळी हवेत वाकतो आणि झाड कलते. पुढे फुटक्या मंगलोरी कौलाचे तुकडे दगडावर घासून रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, गोलसर करून पाहिले. कौल जड असते, वाकत नाही, कुजत नाही आणि त्याचा रंग मातीत मिसळून जातो. मेजावर झाड सरळ उभे राहते व अंगणातील किल्ल्यावर ही बैठक मातीत दाबून वर चिमूटभर माती भुरभुरली की ती दिसतही नाही. शिवाय तार ओल्या मातीला टेकत नसल्यामुळे गंजत नाही. कौल घासण्याचे काम मुले तासन् तास आनंदाने करतात, त्यासाठी वेगळा तास ठेवण्याची गरज पडत नाही.

तारेवर साल चढविण्यासाठी बारीक चाळलेला लाकडाचा भुसा पांढऱ्या गोंदात कालवून घ्यावा व बोटांनी लावावा. एक थर वाळल्यावर दुसरा. याच मिश्रणाने तारेची मुळे कौलाला घट्ट बसतात. बाभळीचा डिंकही चालतो, मात्र त्याने वाळलेली साल थोडी ठिसूळ होते. कणकेची खळ वापरू नये, याचे कारण पुढे येईलच. पुस्तकबांधणी करणारे पूर्वी खळीत मोरचूद घालीत व त्यामुळे तिला कीड लागत नसे हे खरे, परंतु मोरचूद विषारी आहे आणि लहान मुलांच्या हाती तो देणे सर्वथा अयोग्य होय.

पानांसाठी आमच्या अनुभवात वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीसारखी दुसरी वस्तू नाही. वेलीवर जून होऊन वाळलेले घोसाळे सोलून, बिया झाडून, जाळीचे तुकडे करावे. ते हिरव्या रंगाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे आणि बोटांनी विरळ ओढून फांद्यांवर बसवावे. त्यावर गोंदाचे पाणी शिंपडून रंगविलेला भुसा चाळणीतून पाडला की पानांचा आभास होतो. एकाच हिरव्याने काम भागवू नये. पिवळसर, गर्द व काळपट असे तीन रंग वेगवेगळ्या डब्यांत करून ठेवावे. आंब्याला गर्द, कारवीला मध्यम, बांबूला पिवळसर. भुसा रंगविणे व जाळी ओढणे हे पहिली-दुसरीच्या मुलांनी करावयाचे काम आहे. तार पिळणे तिसरीच्या पुढे.

सगळीच झाडे तारेची करण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते. शेतातील धसकट उपटून, माती झटकून, धुऊन वाळविले आणि मुळे वर येतील असे उलटे धरून कातरले, की करवंदीची जाळी तयार. त्यावर फक्त भुसा पाडावा. वाळलेल्या रानतुळशीच्या फांद्या लहान झाडांच्या सांगाड्यास योग्य असतात. गवताचे तुरे एकत्र बांधून बांबूचे बेट होते. मात्र हे सर्व बांधावरचे व शेतातले घ्यावे. ओल्या फांद्या तोडू नयेत, आणि सहलीस गेले असता गडावरून काडी वा दगडही उचलून आणू नये. राजगड हे संरक्षित स्मारक आहे, हे मुलांना या निमित्ताने सांगावे.

मेजावरील लढाई

किल्ला अंगणात बांधला तर तो तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो. त्याऐवजी वा त्याच्या जोडीला दोन मेजे एकत्र करून, त्यांवर पोते अंथरून व खाली पुस्तके-डबे ठेवून गुंजवण खोऱ्याचा उठाव तयार केला, तर इतिहासाच्या तासाला त्याचा निराळाच उपयोग होतो. यात नवीन काही नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ प्रसिद्ध केला आणि इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले. तेव्हापासून अनेक देशांत हौशी मंडळी मेजावर टेकड्या, नद्या व रान मांडून जुन्या लढाया खेळत आली आहेत.

या मंडळींची एक युक्ती आपण अवश्य उचलावी. रानात सैन्य शिरले की झाडे आडवी येतात, मावळे उभे राहत नाहीत आणि मुले झाडे उपटून बाजूस फेकतात. म्हणून रानाची हद्द हिरव्या फडक्याच्या तुकड्याने दाखवावी व झाडे त्यावर सुटी उभी करावी. तुकडी आत शिरली की झाडे थोडी सरकवावी. रान कोठपर्यंत आहे हे फडकेच सांगते. नियमही साधे असावे. उघड्यावर वीतभर चाल, रानात चार बोटे. रानातील तुकडी दुरून दिसत नाही असे समजावे.

१६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजांनी राजगडाच्या परिसरातील गावे जाळली, हा प्रसंग आम्ही अशा मेजावर मांडला होता. घोडदळाच्या बाजूने खेळणाऱ्या मुलांच्या ध्यानात चार चालींतच आले की दाट घेऱ्यात घोड्यांचा वेग संपतो. अमात्यांनी झाडी का राखावयास सांगितली, हे मी निराळे समजावून सांगितले नाही.

साठवण

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. झाडे करणे हौसेने होते. ती ठेवणे कोणाच्याच अंगावर नसते.

पहिल्या वर्षी माझ्या तेव्हाच्या शाळेत बेचाळीस झाडे झाली. ती मी एका पोत्यात भरून, पोते बांधून, माळ्यावर टाकले आणि निर्धास्त झालो. त्या वेळी आम्ही कणकेची खळ वापरली होती. या खोऱ्यातला पाऊस कसा असतो हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. दसऱ्यानंतर पोते उघडले तेव्हा वरची झाडे बुरशीने पांढरी पडली होती, खालची दबून एकमेकांत गुंतली होती आणि मधल्या भागात उंदराने घर केले होते. एका मुलीने आदल्या वर्षी आपल्या दारचा आंबा केला होता, त्याची एक फांदी वाकडी होती म्हणून हिनेही ती वाकडीच ठेवली होती. त्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळात तो आंबा उन्मळून पडला. ती पोत्यापाशी येऊन म्हणाली, ‘गुरुजी, माझा आंबा काढा ना. आजीला दाखवायचाय.’ मी पोते उपसले. कौलाची बैठक तेवढी सापडली.

त्यानंतर साठवणीची जी पद्धत बसविली ती अशी. झाडे कधीही आडवी ठेवावयाची नाहीत. पत्र्याच्या झाकणाच्या पेटीत तळाच्या मापाची फळी बसवावी, तिच्यावर बैठकीच्या मापाचे गोल काढून त्यांभोवती तीन-तीन चुका ठोकाव्या. प्रत्येक झाड आपल्या गोलात उभे राहते व पेटी हलविली तरी शेजाऱ्याला लागत नाही. उंच झाडांची पेटी निराळी, झुडपांची निराळी. झुडपांना मिठाईचे रिकामे पत्र्याचे डबे पुरतात. पुठ्ठ्याचे खोके उंदराला अडवीत नाही, म्हणून ते टाळावे.

वैशाखात, शाळा उन्हाळी सुट्टीसाठी बंद होण्यापूर्वी, झाडांना एक दिवस ऊन द्यावे. कडक उन्हात रंग उडतो, यासाठी सकाळचे दोन-तीन तास पुरेत. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, सुटलेल्या जागी गोंद लावावा व पूर्ण वाळल्यावरच पेटीत ठेवावे. पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ होतो. थोडा ओला राहिला असताना पेटी बंद केली तर आतला दमट वारा सर्वच झाडांना भोवतो. ओलावा शोषण्यासाठी सुक्या कोळशाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेवावी. कळीचा चुना अधिक शोषतो हे खरे, पण तो डोळ्यांत गेल्यास भयंकर इजा होते, म्हणून शाळेत तो नको. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डांबराच्या गोळ्यांनी कीड दूर राहते, परंतु त्या लहान मुलाने तोंडात घातल्यास धोका असतो आणि पेटीत थर्माकोलची वस्तू असली तर त्यांच्या वाफेने थर्माकोल विरघळू लागतो. आम्ही त्या वापरीत नाही.

पेटीचे झाकण मृगापूर्वी बंद करून फटीवर कागदाची पट्टी चिकटवावी. पेटी भिंतीला लावून वा थेट फरशीवर ठेवू नये, चार विटांवर ठेवावी. पोषण आहाराच्या धान्याची खोली कोरडी असते म्हणून तेथे ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण उंदीर प्रथम तेथेच येतात. पावसाळ्यात एकदा, श्रावणात चांगली उघडीप मिळेल त्या दिवशी, पेटी उघडून कोळसा उन्हात तापवून घ्यावा. दसऱ्यानंतर झाडे बाहेर काढावी.

प्रत्येक बैठकीच्या तळाशी क्रमांक लिहावा व एका साध्या वहीत त्या क्रमांकापुढे झाडाचे नाव, ते गावात कोठे आहे, कोणी केले व कोणत्या वर्षी, एवढी नोंद ठेवावी. ही वही पेटीत न ठेवता शाळेच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी ती पुढच्याच्या हाती पडते. एखादे झाड मोडून निकामी झाले तर नोंदीवर रेघ मारावी, पण तो क्रमांक दुसऱ्या झाडास देऊ नये. गावातील मूळ झाड पडले वा तोडले गेले असेल, तर तेही त्याच ओळीत लिहावे. दरवर्षी सर्व झाडे नव्याने करण्याची आवश्यकता राहत नाही. दहा-बारा नवी, आणि जुन्यांपैकी जी दुरुस्तीस आली असतील ती, एवढे काम एका वर्गास पुरते. आमच्या वहीत ‘आंबा, दारचा’ ही नोंद दुसऱ्या वर्षी पुन्हा झाली आहे. त्या मुलीने आजीला विचारून, फांदी कोणत्या बाजूस वाकली होती ते जुळवून, तो आठवणीने केला. त्याचा क्रमांक ४३ असून तो पहिल्या पेटीत, उजव्या कोपऱ्यात असतो.